सचिनची गिरणी आणि माहितीपटांच्या तऱ्हा

राहुल जैन यांचा ‘मशीन्स’ (२०१६) हा माहितीपट आपल्या सुरतजवळच्या सचिनमधल्या एका कापड गिरणीत चित्रित झाला आहे. सुरतेच्या इतिहासात रस असणाऱ्यांनी तो बघावाच. पण इतिहासाचं साधन म्हणून वापरायचा, तर त्याची तऱ्हा आधी ओळखायला हवी.

माझ्या पिढीला माहितीपट म्हटलं की फिल्म्स डिव्हिजन आठवतं. १९४८ साली सुरू झालेली ही सरकारी संस्था. मुख्य सिनेमाआधी तिची रिळं लागायची. वरून एक भारदस्त आवाज धरणं, कारखाने, उत्पादनाचे आकडे सांगत जायचा. कामगार दिसायचा, बोलायचा क्वचितच. अपवाद होते. एस. एन. एस. शास्त्रींच्या ‘आय अ‍ॅम ट्वेंटी’त (१९६७) स्वातंत्र्याच्या वर्षी जन्मलेली मुलं स्वतः बोलतात.

‘मशीन्स’मध्ये निवेदकच नाही. कॅमेरा यंत्रांमधून फिरतो. रंग, वाफ, कापडाचे ढीग, झोपेशी झगडत काम करणारा एक पोरगा. बारा-बारा तासांच्या पाळ्या. मी पेशाने इंजिनिअर, त्यामुळे मला तर नुसत्या आवाजातूनही पुष्कळ कळतं. यंत्राशी माणूस किती जवळ उभा राहतो, हात कुठे घालतो, हे कुठल्या अहवालात सापडणार? उलट गिरणीचं नाव नाही, माणसांची नावं नाहीत. उद्याच्या अभ्यासकाने हा पुरावा जोडायचा कशाला?

शेवटाकडे मात्र ही अलिप्तता मोडते. जमलेले कामगार कॅमेऱ्यामागच्या माणसालाच विचारतात, की पुढारी येऊन बघून जातात तसाच तूही जाणार का? माझ्या मते अख्ख्या चित्रपटातला सगळ्यात मोलाचा पुरावा हाच.

आनंद पटवर्धनांची वाट तिसरी. ते प्रश्न विचारतात, बाजू घेतात, आणि परत परत जातात. ‘हमारा शहर’मध्ये (१९८५) गाणारे शाहीर विलास घोगरे यांनी रमाबाई नगरच्या १९९७च्या गोळीबारानंतर आत्महत्या केली, तिथून सुरू झालेलं काम २०११ला ‘जय भीम कॉम्रेड’ म्हणून पुरं झालं. इथे नाव, गाव, तारीख, सगळं आहे.

लिंबायत, उधन्यात खानदेशातून आलेल्या आपल्या यंत्रमागवाल्यांचं मोबाइलवर चित्रण करणाऱ्यांनो, आधी नाव, गाव, साल, कुठलं यंत्र ते विचारून घ्या. मग गप्प बसा, कॅमेरा चालू ठेवा. आणि कृपा करून मागांचा खडखडाट काढून त्यावर बासरी घालू नका.