उदासीनतेवरची गोळी : आठ दिवसांत सोडू नये, एका दिवसात तोडू नये



"फादर, डॉक्टरांची गोळी आठ दिवस घेतली. गुण तर नाहीच, उलट मळमळ सुरू झाली. म्हणून बंद केली." "फादर, आता मी ठणठणीत आहे, कालपासून गोळी सोडली." घरभेटीच्या वेळी ही दोन वाक्ये वरचेवर कानी पडतात. बोलणारी माणसे प्रामाणिक असतात, पण दोघांचीही चूक होत असते. म्हणून या वेळी पीकपाण्याचा विषय बाजूला ठेवून या गोळीविषयी चार गोष्टी सांगतो.

उदासीनता म्हणजे आळस नव्हे आणि देवावरचा विश्वास कमी पडल्याची खूणही नव्हे. झोप, भूक आणि कामातली गोडी दोन आठवड्यांहून अधिक काळ उडालेली असेल, तर तो आजार असू शकतो व त्यावर उपचार आहेत. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्याला आपण नावे ठेवत नाही, तसेच हेही समजावे.

गुण केव्हा येतो?

सर्ट्रालिन, एसिटालोप्राम, फ्लुओक्सेटिन ही या रोगावर नेहमी दिली जाणारी औषधे. डोकेदुखीच्या गोळीप्रमाणे ती तासाभरात काम करीत नाहीत. पेरणी केल्यावर दुसऱ्या दिवशी कोणी शेतात कणीस शोधायला जात नाही. साधारण दोन आठवड्यांनी फरक जाणवू लागतो, पुरता गुण यायला चार ते सहा आठवडे, कधी त्याहून अधिक लागतात. त्रास मात्र आधी येतो : मळमळ, डोकेदुखी, पातळ शौच, बेचैनी, झोपमोड. बहुतेकांना तो एक-दोन आठवड्यांत कमी होतो. जेवणानंतर गोळी घेतल्यास मळमळ कमी होते. झोप उडत असेल तर सकाळी घ्यावी का, हे डॉक्टरांना विचारावे. दांपत्यजीवनातील इच्छा कमी होणे हाही एक परिणाम आहे. लाजेने गोळी सोडण्यापेक्षा तो डॉक्टरांना सांगावा, त्यावर उपाय असतो.

एखादे दिवशी गोळी राहिली तर त्याच दिवशी आठवताच घ्यावी. दुसऱ्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर राहिलेली सोडून द्यावी. दोन एकदम कधीही घेऊ नयेत.

घरच्यांनी काय पाहावे?

पहिले काही आठवडे आणि मात्रा बदलल्यानंतरचे दिवस जपण्याचे असतात. पंचविशीच्या आतील मुलामुलींमध्ये या काळात आत्महत्येचे विचार वाढू शकतात. मरणाची भाषा, कमालीची तगमग, किंवा उलट झोपेशिवाय अफाट उत्साह आणि वारेमाप खर्च दिसला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

शेतकऱ्याच्या घरी आणखी एक काळजी घ्यावी लागते. फवारणीचे औषध कोनाड्यात किंवा खाटेखाली ठेवू नये. ते कुलपात ठेवून किल्ली दुसऱ्याने सांभाळावी. गोळ्यांच्या पट्ट्याही घरातल्या एकाच जबाबदार माणसाकडे असाव्यात. ॲमिट्रिप्टिलीनसारख्या जुन्या गोळ्या एकदम जास्त पोटात गेल्यास हृदय बंद पडू शकते.

कशाबरोबर घेऊ नये?

दारू वर्ज्य समजावी. ट्रामाडोल ही दुखण्यावरची गोळी, डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेले खोकल्याचे औषध, ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन यांपैकी काही घेत असाल तर डॉक्टरांना आधी सांगा. पहिल्या दोहोंनी ताप, थरथर, दरदरून घाम, स्नायूंचा ताठरपणा आणि भ्रम असा गंभीर त्रास क्वचित होतो. तसे दिसल्यास तडक इस्पितळ गाठावे. शेवटच्या दोहोंनी पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्या वृद्धांच्या रक्तातील मीठ कमी होऊ शकते. आजी-आजोबा एकाएकी असंबद्ध बोलू लागले किंवा पडू लागले, तर "वय झाले" म्हणून सोडून देऊ नये. गरोदर बाईने घाबरून स्वतःच गोळी बंद करू नये, आधी डॉक्टरांना भेटावे.

गोळी केव्हा थांबवावी?

बरे वाटू लागले म्हणजे औषध काम करीत आहे, काम संपले असे नव्हे. पहिल्याच वेळचा आजार असेल तर बरे झाल्यावरही निदान सहा महिने गोळी चालू ठेवतात. आजार पुनःपुन्हा आला असेल तर दोन वर्षे किंवा अधिक. नंतर डॉक्टरच काही आठवडे किंवा महिने घेऊन मात्रा हळूहळू उतरवतात. एकदम तोडल्यास थोड्याच दिवसांत चक्कर, चिडचिड, विचित्र स्वप्ने आणि डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखे वाटणे सुरू होऊ शकते. याला लोक "व्यसन लागले" म्हणतात. ते व्यसन नव्हे. शरीराला झालेली सवय अवकाशाने सुटावी लागते, एवढाच त्याचा अर्थ. शेजारणीला लागू पडलेली गोळी आपण घेणे किंवा आपली तिला देणे, हेही टाळावे.

बेळगाव भागातील लोकांना धारवाडच्या डिम्हान्स या सरकारी संस्थेत उपचार मिळतात. शिवाय केंद्र सरकारने २०२२ साली सुरू केलेल्या 'टेली-मानस' सेवेचा दूरध्वनी क्रमांक १४४१६ हा आहे. तो मोफत असून रात्रंदिवस चालू असतो. हा क्रमांक दाराच्या मागे, कॅलेंडरवर लिहून ठेवा.

आणि घरात कोणी ही गोळी घेत असेल, तर "अजून बरा झाला नाहीस?" असे विचारू नका. "आजची गोळी घेतलीस ना? चल, जेवायला बसू," एवढे म्हणा.