लेन्स घेताना : सहा गैरसमज आणि वस्तुस्थिती

कॅमेरा हातात रुळला की त्याच्यासोबत आलेली १८-५५ एमएमची किट लेन्स तोकडी वाटू लागते. मग कुणी मोठा झूम सुचवतं, कुणी महागडी प्राइम, म्हणजे एकाच फोकल लेंग्थची लेन्स. हौशी छायाचित्रकाराचे पैसे वाया जातात ते बहुधा पुढच्या समजुतींपायी.

गैरसमज : झूम जितका जास्त, तितकं लांबचं टिपता येतं.
वस्तुस्थिती : झूमचा आकडा हा फक्त भागाकार आहे. १८-२०० एमएमची लेन्स ११ पट झूमची, तर १००-४०० एमएमची अवघ्या ४ पटीची. तरीही लांबचा पक्षी दुसरीतूनच मोठा दिसतो. ३०० एमएमच्या प्राइमला तर झूमच नसतो. भिगवणला उजनीच्या पाण्यावरचे रोहित टिपायचे असतील, तर झूमचे पट मोजू नका, शेवटची फोकल लेंग्थ पाहा.

गैरसमज : ५० एमएम सगळ्या कॅमेऱ्यांवर सारखीच.
वस्तुस्थिती : फोकल लेंग्थ तीच राहते, पण सेन्सर लहान असला की दृश्याचा मधलाच भाग चौकटीत येतो. फुल फ्रेम या मोठ्या सेन्सरच्या तुलनेत हा फरक निकॉन, सोनी, फुजीफिल्मच्या एपीएस-सी सेन्सरवर सुमारे १.५ पट, तर कॅननच्या सेन्सरवर १.६ पट असतो. म्हणजे अशा कॅमेऱ्यावर ५० एमएमची लेन्स फुल फ्रेमवरच्या ७५-८० एमएमइतकीच चौकट देते. छोट्या खोलीतलं बारसं टिपताना भिंतीला पाठ टेकवूनही सगळे मावत नाहीत. तिथे ३५ एमएम किंवा त्याहून कमी बरी.

गैरसमज : वाइड लेन्स चेहरा बेढब करते.
वस्तुस्थिती : नाक मोठं दिसतं ते अंतरामुळे. वाइड लेन्सने चेहरा चौकटभर घ्यायला अगदी जवळ जावं लागतं आणि मग नाक कानांपेक्षा बरंच पुढे येतं. त्याच जागेवरून लांब फोकल लेंग्थने फोटो काढला, तरी नाक-कानांचं प्रमाण तेच राहतं. फुल फ्रेमवर पोर्ट्रेटसाठी ८५ ते १३५ एमएम वापरतात, कारण तेवढ्यात दोन पावलं मागे उभं राहता येतं. वाइडच्या कडेला आलेला चेहरा मात्र खरोखरच ताणला जातो, म्हणून माणसं मधे ठेवा.

गैरसमज : एफ/१.८ इतकं मोठं अ‍ॅपर्चर फक्त बॅकग्राउंड ब्लरसाठी. अंधारात स्टॅबिलायझेशन पुरतं.
वस्तुस्थिती : एफ/५.६ च्या तुलनेत एफ/१.८ वर जवळपास दहापट प्रकाश आत येतो. जिथे १/१५ सेकंद लागत होता, तिथे १/१२५ वर काम भागतं. स्टॅबिलायझेशन आपल्या हाताची थरथर सावरतं, समोरच्याची हालचाल थांबवत नाही. लेझीम खेळणारी मुलं स्पष्ट हवीत, तर शटर स्पीड वाढवावाच लागतो. मात्र एफ/१.८ वर फोकसमधला पट्टा अरुंद असतो. ग्रुप फोटोत मागची रांग धूसर नको असेल, तर एफ/५.६ च्या आसपास या.

गैरसमज : कंपनी एक, म्हणजे लेन्स चालणारच.
वस्तुस्थिती : निकॉनच्या डी३५०० च्या बॉडीत फोकस मोटर नाही. त्यावर जुनी एएफ ५० एमएम एफ/१.८ डी बसते, पण फोकस हातानेच करावा लागतो. एएफ-एस ५० एमएम एफ/१.८ जी मात्र ऑटोफोकस करते. कॅननच्या ईएफ-एस लेन्स त्यांच्याच फुल फ्रेम डीएसएलआरवर बसत नाहीत. पैसे मोजण्याआधी लेन्स आपल्याच बॉडीवर लावून पाहा.

गैरसमज : चामडी केसमध्ये, कपाटात लेन्स सुरक्षित.
वस्तुस्थिती : चामडं ओल धरून ठेवतं आणि बंद, अंधाऱ्या, दमट जागेत काचेवर बुरशी धरते. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात तर हे हमखास. हवाबंद डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या हा स्वस्त उपाय आहे. ड्राय कॅबिनेट असेल तर आर्द्रता ४० ते ५० टक्के ठेवा. सेकंडहँड लेन्स घेताना टॉर्चचा उजेड आरपार टाका. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले, तर सौदा सोडा.

मग घ्यायची कोणती? डिजिटल फोटोसोबत सहसा फोकल लेंग्थ नोंदलेली असते. तुमचे आवडते फोटो उघडून ती तपासा. बरेचसे १८ वर असतील, तर वाइड घ्या. ५५ वर अडले असतील, तर टेलिफोटो. आणि घरातले, संध्याकाळचे फोटो हललेले असतील, तर एफ/१.८ ची प्राइम. या तिन्हींपैकी कोणतीच अडचण दिसत नसेल, तर किट लेन्सच पुरेशी आहे. पैसे प्रवासावर खर्च करा.