घराआधी वस्ती

दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात दुसरे मूल जन्माला आले, थोरल्याला अभ्यासासाठी निराळा कोपरा लागू लागला आणि गावाकडचे आईवडील आता कायमचे आपल्यापाशी राहावयास येणार असे ठरले, म्हणजे मध्यमवर्गीय गृहस्थाच्या मनात नव्या घराचा विचार मूळ धरू लागतो. आणि पुण्यासारख्या शहरात हा विचार बहुधा एकाच प्रश्नाच्या रूपाने पुढे येतो, तो म्हणजे हाती असलेल्या आणि कर्जाने मिळणाऱ्या रकमेत किती खोल्या पदरात पडतील. हा प्रश्न गैर नाही. पण तो पहिला प्रश्न नव्हे. ओटा नवा घालता येतो, फरशी बदलता येते, प्रसंगी दोन खोल्यांमधली भिंतही हलवता येते. परंतु घरापुढचा रस्ता, नळाला येणारे पाणी, शाळेपर्यंतचे अंतर आणि मागून वाहणारा ओढा यांपैकी एकही गोष्ट घर घेणाऱ्याच्या अखत्यारीतली नसते, आणि पुढची पंधरा-वीस वर्षे त्या कुटुंबाचे दिवस कसे जातील हे मात्र याच गोष्टी ठरवीत असतात. यास्तव वाढत्या कुटुंबाने आधी वस्ती निवडावी आणि मग त्या वस्तीत परवडेल ते घर शोधावे, मग ते मनातल्या घराहून एका खोलीने लहान निघाले तरी हरकत नाही, असे माझे मत आहे.

पुणेकरांनी आजवर जी स्थलांतरे केली ती बहुतांशी हौसेने नव्हे, निकडीने केली. १८९७ च्या प्लेगाने पेठांतल्या दाटीची धास्ती लोकांच्या मनात बसली आणि पुढच्या पिढीत एरंडवणे, भांबुर्डा या बाजूंना, मोकळ्या हवेत घरे बांधण्याकडे सुशिक्षितांचा ओढा वाढला. डेक्कन जिमखाना ही संस्था १९०६ साली स्थापन झाली आणि तिच्या आसपास जी वसाहत पुढे उभी राहिली तिच्यात रस्ते आधी आखले गेले व बंगले मागाहून आले. आज त्या रस्त्यांवर जी सावली आहे ती या क्रमाचे फळ आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, त्यापाठोपाठ खडकवासल्याचाही बांध गेला, आणि मुठेकाठच्या पेठांतील हजारो संसार उघड्यावर आले. गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर या वस्त्यांच्या वाढीमागे त्या आपत्तीतले पुनर्वसन आहे. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला, त्यामागून इतर कारखाने आले आणि चिंचवड, आकुर्डी, निगडी ही गावे कामगारांची नगरे झाली. नव्वदीच्या अखेरीस हिंजवडीला संगणक उद्योग आला, तेव्हा वाकड, बाणेर, बालेवाडी येथली शेते बघता बघता इमारतींखाली गेली. वस्ती कोणत्या गरजेपोटी आणि किती घाईने उभी राहिली हे जाणून घेतले म्हणजे तिचे गुणदोष निम्मे कळतात. कोथरूडसारखे उपनगर ऐंशीच्या दशकात जेव्हा झपाट्याने भरले, तेव्हा तेथील पहिल्या रहिवाशांनी चिखल आणि पाणीटंचाई दोन्ही सोसली. आज तेथे शाळा, नाट्यगृह, मंडई, दवाखाने आणि मेट्रो यांची जी सोय दिसते ती जमून यायला तीसेक वर्षे लागली आहेत. नव्या वस्तीत घर घेणाऱ्याने हा हिशेब मनाशी अवश्य मांडावा, कारण सोयी येतील तेव्हा त्याची मुले कॉलेजात गेलेली असण्याचा संभव आहे.

वस्तीची परीक्षा पाण्यापासून सुरू करावी. पेशवाईत नानासाहेबांनी कात्रजच्या तलावातून नळ काढून शहरातल्या हौदांत पाणी खेळवले आणि वाढत्या पेठांना त्याचा आधार झाला. म्हणजे पाण्याची तजवीज हा नगररचनेचा पाया आहे हे त्या काळच्या राज्यकर्त्यांना पक्के ठाऊक होते. आज पुण्याला खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांच्या साखळीतून पाणी मिळते. परंतु महापालिकेची हद्द ज्या वेगाने वाढली त्या वेगाने जलवाहिन्या वाढल्या नाहीत. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावे हद्दीत आली, कराची बिले तेथे पोहोचली, पण कित्येक ठिकाणी पिण्याचे पाणी अजून टँकरने येते. इमारतीच्या माहितीपत्रकात पोहण्याचा तलाव ठळकपणे छापलेला असतो आणि पिण्याचे पाणी कोठून येणार याविषयी एक ओळही नसते, हे मी अनेकदा पाहिले आहे. महापालिका पाणी देऊ शकेपर्यंत ते पुरवण्याची जबाबदारी घेणारे हमीपत्र विकासकाने लिहून दिलेले असते, पण इमारत सोसायटीच्या ताब्यात आली की तो खर्च प्रत्यक्षात सभासदांच्या माथी येतो. म्हणून घर जुन्या सोसायटीत असेल तर सचिवांकडे एप्रिल व मे महिन्यांतील टँकरची बिले मागावीत, वार्षिक सभेचे इतिवृत्त वाचावे, आणि इमारत नवी असेल तर शेजारच्या दोन-तीन इमारतींत जाऊन हीच चौकशी करावी. दरमहा द्यावयाच्या देखभाल खर्चातला मोठा भाग पाण्यावर जात असेल, तर स्वस्त वाटलेले घर स्वस्त राहत नाही.

पाण्याच्या प्रमाणाइतकीच त्याची शुद्धताही महत्त्वाची आहे, आणि लहान मुले व वृद्ध माणसे ज्या घरात आहेत तेथे तर ती प्राणांशी निगडित आहे. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्यावरील नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांत गुलियन-बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या विकाराचे रुग्ण एकाएकी वाढले, तेव्हा तपासाचा रोख तेथील विहिरीच्या आणि टँकरच्या पाण्याकडेच वळला. चांगल्या रंगाच्या, उंच आणि ऐसपैस इमारतींत राहणाऱ्या माणसांना त्या दिवसांत पाणी उकळून पिण्याखेरीज गत्यंतर नव्हते.

पाणी येते कोठून हे पाहिल्यावर ते जाते कोठे हे पाहावे. जमिनीला जुन्या वाटा आठवतात. ओढा भिंतीत कोंडला, त्याच्यावर स्लॅब टाकला, नकाशात त्याची रेघ बारीक केली, तरी पावसाळ्यात तो आपली जागा मागायला येतो. कात्रजच्या डोंगरात उगम पावणाऱ्या आंबील ओढ्याचा मूळ प्रवाह पेशवाईत वळवला गेला आणि पुढे त्याच्या दोन्ही काठांवर दाट वस्ती झाली. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री अतिवृष्टीने या ओढ्याला जो लोंढा आला त्याने अरण्येश्वर, सहकारनगरचा सखल भाग, टांगेवाला कॉलनी येथे घरे आणि वाहने उद्ध्वस्त केली, आणि अनेकांचे प्राण घेतले. १९६१ साली नदीच्या पुराने बेघर झालेल्यांच्या पुनर्वसनाशी ज्या परिसराचे नाव जोडले गेले आहे, त्याच परिसरात ५८ वर्षांनी ओढ्याचे पाणी शिरावे, ही गोष्ट पुण्याच्या नगररचनेचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने मनावर घेण्यासारखी आहे. पुन्हा २५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्यातून विसर्ग वाढवल्यावर सिंहगड रस्त्यालगतच्या एकतानगरीत पहाटेच पाणी भरले आणि रहिवाशांना नावांतून बाहेर काढावे लागले.

ही माहिती गुप्त नसते. पाटबंधारे खाते नदीकाठी दोन पूररेषा आखते: २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची निळी आणि १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई असते आणि दोन रेषांच्या मधल्या पट्ट्यात निर्बंध पाळून परवानगी मिळते. महापालिकेच्या नगररचना कचेरीत अर्ज केल्यास त्या जागेचा झोन दाखला आणि विकास आराखड्याचा भाग नकाशा मिळतो; त्यावर रस्तारुंदीची रेघ, उद्यानाचे किंवा शाळेचे आरक्षण, टेकडीवरचे जैववैविध्य उद्यानाचे आरक्षण, सारे दिसते. शेजारचा मोकळा भूखंड हे मैदान आहे की उद्याचा २० मजल्यांचा मनोरा, हे खिडकीतून कळत नाही; त्या नकाशावरून कळते.

पाण्यानंतर माझ्या दृष्टीने सर्वांत मोठी कसोटी पायांची आहे, आणि याच ठिकाणी बहुतेक कुटुंबांकडून दुर्लक्ष होते, कारण घर पाहावयास जातात ते घरातले कमावते, वाहन चालवणारे दोघे, आणि तेही रविवारी सकाळी, जेव्हा रस्ते मोकळे असतात. वस्तीत खऱ्या अर्थाने दिवसभर राहतात ती मात्र वाहन न चालवणारी माणसे: सात वर्षांची मुलगी, सत्तरीची आजी, नुकतेच निवृत्त झालेले आजोबा. मुलीला एकटीला मैत्रिणीच्या घरी जाता येईल का, आजीला कोणाचा हात न धरता रस्ता ओलांडून देवळात किंवा भाजीला जाता येईल का, आजोबांना संध्याकाळी बसावयास बाक आणि बोलावयास समवयस्क मिळतील का, या प्रश्नांची उत्तरे जेथे नकारार्थी येतात तेथे मुले गाडीतून शाळेत आणि गाडीतून क्लासला जातात, आणि म्हातारी माणसे नवव्या मजल्यावरच्या गॅलरीत बसून खालचा रस्ता पाहतात. गावाकडे ज्यांना अर्धे गाव नावाने ओळखत होते त्या आईवडिलांना असे एकाकी करून टाकणे, आणि त्यापायी २० वर्षांचे कर्ज फेडत राहणे, हे मला फार क्लेशकारक वाटते. याउलट एरंडवण्यात, कर्वेनगरात, सहकारनगरच्या उंच भागात, बिबवेवाडीत किंवा निगडी प्राधिकरणात अशा कितीतरी जुन्या सोसायट्या आहेत जिथे घरे लहान आहेत, दर्शनी भाग साधा आहे, पण खाली उतरताच किराणा, औषधांचे दुकान, वाचनालय, टेकडीची वाट किंवा बाग सापडते. यांतल्या अनेक इमारतींना लिफ्ट नाही, ही उणीव मात्र खरी आहे. वृद्ध बरोबर असतील तर पहिल्या मजल्यापलीकडचे घर तेथे घेऊ नये.

हडपसरजवळ मगरपट्ट्याच्या शेतकऱ्यांनी सुमारे ४०० एकर जमीन एकत्र करून नोकरी, शाळा, दवाखाना आणि घरे एकाच आवारात वसवली, तो प्रयोग अभ्यासण्याजोगा आहे. पायी चालण्याची कसोटी तेथे उतरते. तरी मुलांनी फाटकाबाहेरचेही जग पाहिले पाहिजे, रिक्षावाल्याचे, मंडईतल्या भाजीवालीचे, महापालिकेच्या शाळेतल्या मुलाचे त्यांना दर्शन घडले पाहिजे, असे ज्यांना वाटते त्यांनी बंद आवारांचा विचार जपून करावा.

शाळेविषयी थोडेच सांगतो. नामांकित शाळेच्या मागे शहराच्या दुसऱ्या टोकाला मूल पाठवणे म्हणजे त्याच्या बालपणातला रोजचा दीड-दोन तास बसमध्ये घालवणे होय. मध्यम प्रतीची, पण चालत जाण्याजोगी आणि मातृभाषेचा मान राखणारी शाळा मी केव्हाही अधिक पसंत करीन.

कमावत्यांच्या प्रवासाचा विचार अर्थात टाळता येणार नाही. नवरा हिंजवडीला आणि बायको खराडीला नोकरीस, अशी जोडपी आता पुण्यात पुष्कळ आहेत आणि दोघांनाही जवळ पडेल अशी जागा त्यांना मिळणे नाही. अशा वेळी नोकरीच्या जवळ जाण्यापेक्षा वाहतुकीच्या मार्गाजवळ राहणे श्रेयस्कर, कारण नोकऱ्या पाच वर्षांत बदलतात आणि लोहमार्ग बदलत नाहीत. ६ मार्च २०२२ रोजी वनाज ते गरवारे कॉलेज आणि पिंपरी ते फुगेवाडी हे मेट्रोचे पहिले टप्पे सुरू झाले, पुढे त्या रेषा रामवाडीपर्यंत आणि स्वारगेटपर्यंत पोहोचल्या. या स्थानकांपासून दहा मिनिटे चालण्याच्या अंतरावरचे जुने घर हे रिंगरोडच्या आशेवर घेतलेल्या दूरच्या नव्या घरापेक्षा मला अधिक सुरक्षित वाटते. नियोजित रस्ता आणि नियोजित पूल यांच्या भरवशावर किंमत मोजू नये. जे आज वापरात आहे तेवढेच जमेस धरावे.

कागदपत्रांची बाब वकिलावर सोपवावी, पण तिच्याविषयी अनभिज्ञ राहू नये. १ मे २०१७ पासून महारेराचा अंमल सुरू झाल्यावर विकासकाला प्रकल्पाची नोंदणी करावी लागते, चटई क्षेत्रावरच घर विकावे लागते आणि ताबा दिल्यापासून ५ वर्षांत बांधकामाचा दोष निघाला तर तो स्वखर्चाने दुरुस्त करून द्यावा लागतो. जुन्या इमारतीत मात्र भोगवटा प्रमाणपत्र आहे काय आणि जमिनीचे अभिहस्तांतरण सोसायटीच्या नावे झाले आहे काय, हे दोन प्रश्न प्रथम विचारावेत. दुसऱ्याचे उत्तर नाही असे आले तर उद्या पुनर्विकासाच्या वेळी सारे सभासद अडचणीत येतात. गुंठेवारीतल्या जागेवरचे घर कितीही स्वस्त असले तरी, ते नियमित झाल्याचा दाखला पाहिल्यावाचून त्याच्या वाटेस जाऊ नये.

आता जे कुटुंब येत्या वर्षात घर घेण्याच्या विचारात असेल त्याला एकच विनंती आहे. इसारपावती करण्याची घाई करू नका. मनात भरलेल्या वस्तीत ११ महिन्यांच्या करारावर भाड्याने राहून पाहा. त्या अवधीत मे महिन्यातला नळ, जुलैतला रस्ता, गणपतीतला आवाज आणि परीक्षेच्या दिवसांतली शांतता, सारे तुमच्या अनुभवास येईल, आणि तोवर दिलेले भाडे वाया गेले असे मुळीच समजू नका. त्या अकरा महिन्यांनंतर घरातल्या आजीला आणि मुलांना विचारा, येथे राहावयाचे काय. त्यांनी होकार दिला तरच घर पाहावयास निघा.