पीक आणि बियाणे : केमोथेरपीनंतरची अस्थिमज्जा

केमोथेरपीची बहुतेक औषधे विभाजन होत असलेल्या पेशींवर घाव घालतात, आणि हाडांच्या पोकळीतील मऊ अस्थिमज्जेत, जेथे दररोज सुमारे २०० अब्ज तांबड्या पेशी तयार होतात, विभाजन अखंड चालू असल्यामुळे कर्करोगाच्या पेशींबरोबर मज्जाही या घावाखाली येते. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस आणि प्लेटलेट आठ-दहा दिवस टिकते. जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशीचे रक्तातील आयुष्य मात्र इतके अल्प असते की उत्पादन थांबताच तिचाच तुटवडा प्रथम जाणवतो. म्हणून अनेक उपचारक्रमांत सातव्या ते चौदाव्या दिवसादरम्यान ‘काउंट’ तळाला जातात, आणि न्यूट्रोफिल दर मायक्रोलिटरला ५००च्या खाली असताना १०१ अंश फॅरनहाइट ताप आला, तर सकाळपर्यंत वाट न पाहता रुग्णालय गाठावे लागते.

तरीही दोन-तीन आठवड्यांत काउंट बहुधा सावरतात, कारण या साऱ्या पेशींचे बियाणे असलेल्या रक्तजनक मूळपेशी, म्हणजे स्वतःसारख्या पेशी आणि सर्व प्रकारच्या रक्तपेशी निर्माण करू शकणाऱ्या पेशी, बहुतांश काळ विभाजनाविना निद्रिस्त असतात. फाइव्ह-फ्लुरोयुरॅसिल हे औषध दिलेल्या उंदरांत विभाजनात गुंतलेल्या पेशी मरतात आणि निद्रिस्त मूळपेशी बऱ्याच अंशी वाचतात, असे प्रयोगांत दिसते. पीक जळते, बियाणे उरते. मात्र सर्वच औषधे अशी नाहीत. ब्युसल्फान निद्रिस्त मूळपेशींनाही मारते, आणि नेमक्या याच गुणामुळे मज्जारोपणापूर्वी जुनी मज्जा रिकामी करण्यासाठी ते वापरतात.

वाचलेल्या मूळपेशींनाही किंमत मोजावी लागते, आणि नॉर्मल आलेला रिपोर्ट ती दाखवत नाही. मोडलेले पीक पुन्हा उभे करण्यासाठी त्यांना झोपेतून उठून वारंवार विभागावे लागते. शिवाय डीएनए बिघडलेल्या पेशीला मरण्याचा आदेश देणाऱ्या यंत्रणेतील टीपी५३ किंवा पीपीएम१डी या जनुकांत ज्या थोड्या मूळपेशींमध्ये, अनेकदा उपचारांच्या आधीपासूनच, बदल झालेला असतो, त्या औषधाला दाद न देता इतरांची जागा व्यापतात. मोजक्या रुग्णांत पुढे यातून नवा रक्तकर्करोग उद्भवतो : सायक्लोफॉस्फामाइडसारख्या औषधांनंतर साधारण पाच ते दहा वर्षांनी, बहुधा पाचव्या वा सातव्या गुणसूत्राचा भाग गळालेला, तर इटोपोसाइडसारख्या औषधांनंतर दोन-तीन वर्षांतच. हा धोका खरा असला तरी बहुसंख्य रुग्णांत मूळ कर्करोगाच्या धोक्यापुढे तो लहान ठरतो, आणि त्याच्या भीतीने उपचार टाळणे घातक होईल.

न्यूट्रोफिल वाढवणारे जी-सीएसएफचे इंजेक्शन पीक लवकर आणते. बियाण्यातील बिघाड ते दुरुस्त करीत नाही. म्हणूनच उपचार संपून अनेक वर्षे लोटल्यावर हिमोग्लोबिन वा प्लेटलेट विनाकारण उतरू लागल्यास केवळ लोहाच्या गोळ्यांवर न थांबता, कोणती औषधे किती मात्रेत दिली होती हे सांगणारे जुने डिस्चार्ज कार्ड डॉक्टरांसमोर ठेवणे आवश्यक असते.