पडलेली बुलेट हाताने नाही, पायाने उठते

बुलेट घ्यायला गेलेल्या बाईला शोरूममध्येच एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो: "मॅडम, पडली तर उचलणार कोण?" शेजारी उभ्या पुरुष गिऱ्हाइकाला तो कुणी विचारत नाही. तरी प्रश्न वावगा नाही, कारण गाडी पडतेच आणि बऱ्याचदा उभ्या उभ्या पडते. साताऱ्याहून कासला जाताना यवतेश्वर घाटातल्या वळणावर थांबावं आणि उताराकडचा पाय टेकायला जावा, तर जमीन चार बोटं खालीच. सांगलीकडे उसाचा हंगाम सुरू झाला की ट्रॉल्यांच्या चाकांबरोबर रानातली काळी माती डांबरावर येते. वर दव पडलं की टेकलेला बूटही सरकतो.

क्लासिक 350 ची सीट 805 मिलिमीटर उंच आणि वजन 195 किलो. एवढी गाडी एकदा कलली की तिला धरून ठेवायच्या नादाला लागू नये. पाय काढून घ्यावा, पडू द्यावी. लिव्हर बाजारात मिळतो, मनगट मिळत नाही.

पडल्यावर आधी किल स्विच, मग चावी बंद. पेट्रोल सांडत असेल तर जमलेल्यांपैकी कुणाच्या हातात विडी-सिगारेट नाही ना, हे पाहावं. मग दोन मिनिटं स्वतःकडे बघावं. डोक्याला मार असेल, पोटात बाळ असेल किंवा मणक्याचं दुखणं असेल, तर गाडीला हात लावू नये.

बाकीच्यांनी एक लक्षात घ्यावं: अख्खे 195 किलो उचलायचे नसतातच. चाकं जमिनीवरच असतात, आपण गाडीला फक्त त्यांच्यावर उभं करतो. वाकून, हँडल धरून, हातांनी ओढलं की सगळा भार कमरेवर येतो. म्हणून गाडीकडे पाठ करायची. गाडी ज्या बाजूला पडली त्याच बाजूला हँडल पूर्ण वळवायचं, म्हणजे खालची मूठ टाकीजवळ येते. सीटच्या कडेला बूड टेकून खाली बसायचं, एका हातात ती मूठ, दुसऱ्यात मागचा ग्रॅब रेल. आरसा, इंडिकेटर, तापलेला सायलेन्सर यांना हात नाही. साडीगार्डही नको, ती जाळी मागे बसणाऱ्या बाईसाठी आहे, बाई पुढे बसेल हे ती लावणाऱ्यांच्या ध्यानीमनी नसावं. आता पाठ ताठ, हात सरळ, आणि मांड्यांच्या जोरावर मागे रेटत लहान लहान पावलं टाकायची.

हे तंत्र सांगलीला नवं नाही. इथल्या काजोल सरगरने 2022 साली पंचकुलातल्या खेलो इंडिया युवा स्पर्धेत 40 किलो गटात एकूण 113 किलो उचलून सुवर्ण जिंकलं. तिचा भाऊ संकेत त्याच वर्षी बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल रौप्य घेऊन आला. वेटलिफ्टिंगमध्येही वजन जमिनीवरून उचलताना जोर पाय आणि पाठीचा, हात नुसते दोरीसारखे.

सुरुवातीचा वीतभर टप्पा सर्वांत जड जातो. अर्ध्यावर आल्यावर गाडी एकाएकी हलकी होते आणि नेमकी तेव्हाच पलीकडे कोसळते. उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड वरच्या बाजूला असतो. तो आधीच उघडून ठेवावा. डावीकडे पडली तर तो खाली दबलेला असतो, म्हणून गाडी उभी झाल्यावर पाठ न काढता टाचेने ओढून घ्यावा. उचलताना घरंगळू नये म्हणून गाडी आधीच पहिल्या गिअरमध्ये हवी. ते जमत नसेल तर पुढचा ब्रेक ट्यूबच्या रबरी पट्टीने आवळावा. घाटात सीट उताराच्या बाजूला असेल तर तशी उचलूच नये. कुणाच्या तरी मदतीने आधी गाडी फिरवावी.

मदत येतेच. "ताई, सरका," म्हणत दोघं हँडल आणि कॅरियर धरून हिसका देतात. मदत जरूर घ्यावी, पण हुकूम आपला: "दादा, पलीकडून फक्त टेकू द्या." माणसं ऐकतात.

उभी केल्यावर क्लच, ब्रेक आणि हँडल वाकलंय का ते तपासावं. बऱ्याच नव्या इंजेक्शनवाल्या गाड्यांत, गाडी आडवी होताच इंजिन बंद करणारा सेन्सर असतो. म्हणून नुसता स्टार्टर दाबत बसू नये. चावी एकदा बंद करून पुन्हा फिरवावी.