गोधडी-प्रदर्शने
जुन्या सुती लुगड्यांचे व धोतरांचे थर एकावर एक अंथरून ते धावदोऱ्याने सांधून केलेल्या पांघरुणास गोधडी म्हणतात. पश्चिम महाराष्ट्रात तिला वाकळ असेही नाव आहे. अशा कृती लोकांपुढे मांडून त्यांचे परीक्षण करण्याच्या उपक्रमास गोधडी-प्रदर्शन म्हणता येईल. घरच्या माणसांसाठी शिवलेली वस्तू अनोळखी परीक्षकांपुढे ठेवण्यास शिवणारी का प्रवृत्त होते, हा येथील मुख्य प्रश्न होय.

महाराष्ट्रात या कलेस स्पर्धेची जुनी परंपरा नाही. बाळंतविड्यातील दुपटे असो वा थोरांची वाकळ, ती वापरून विरते, तिच्यावर नवा थर चढतो आणि शिवणारीचे नाव कोठेच राहत नाही. वसई तालुक्यातील निर्मळ येथे कार्तिक वद्य एकादशीस सुरू होणाऱ्या यात्रेसारख्या जत्रांत किंवा ‘महालक्ष्मी सरस’सारख्या बचत गटांच्या विक्री-प्रदर्शनांत वस्तूचा भाव ठरतो. तो पैसा गरजेचा असतोच. परंतु टाका कसा पडला आहे, हे गिऱ्हाईक सांगत नाही.

परीक्षणाची प्रथा अमेरिकेत एकोणिसाव्या शतकातील कृषिमेळ्यांत रूढ झाली. तेथे गुरे, धान्य व मुरंबे यांच्याबरोबर गोधड्याही मांडल्या जात. १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी कलासंग्रहालयात त्या चित्रांप्रमाणे भिंतीवर टांगल्या गेल्या. मात्र त्यांच्या बहुतेक कर्त्या अनामच राहिल्या. २००२ मध्ये ह्यूस्टनच्या ललित कला संग्रहालयाने ॲलाबामातील जीज बेंड येथील कृष्णवर्णीय स्त्रियांच्या गोधड्या मांडल्या, त्या कर्त्यांच्या नावांनिशी. कृतीशेजारी आपले नाव असावे, ही इच्छा प्रदर्शनात भाग घेण्यामागे पारितोषिकाच्या आशेहून प्रबळ असावी.

दुसरे कारण शिकण्याचे आहे. घरची माणसे कौतुक करतात किंवा काहीच बोलत नाहीत. परीक्षक टाक्यांतील अंतर, कडांचा सरळपणा, कोपरे आणि विशेषतः मागची बाजू पाहतो व अनेक ठिकाणी अभिप्राय लेखी देतो. शिवाय गोधडी जमिनीवर बसून, वीतभर अंतरावरून शिवली जाते. ती उभी टांगून दुरून पाहण्याचा प्रसंग शिवणारीसही बहुधा येथेच प्रथम येतो. ठरलेल्या तारखेमुळे अर्धवट पडलेले काम पुरे होते, हाही लाभ लहान नाही.

मात्र एका परंपरेचे निकष दुसरीस लावल्यास अन्याय होतो. उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी स्त्रियांची कवंदी कडांपासून आत फेऱ्याफेऱ्यांनी शिवत नेतात. तिच्यात तुकडे एकसारखे नसतात, रेषाही काटेकोर नसतात. तिच्या कोपऱ्यांवर घड्या घातलेल्या कापडाची ‘फुले’ लावतात व ती नसल्यास कवंदी अपुरी समजली जाते.