थर्मोस्टॅट काढला की इंजिन थंड?

मे महिन्यात घाट चढताना काटा लाल पट्टीकडे सरकला की काही गॅरेजांत हमखास सल्ला मिळतो: ‘थर्मोस्टॅट काढून टाका, आपल्या उन्हाळ्यात तो लागतच नाही.’ हा भाग थंड देशांसाठीच असतो, अशी समजूत त्यामागे आहे. ती चुकीची आहे, आणि महागात पडते.

बहुतेक मोटारींत थर्मोस्टॅट साधारण 80 ते 90 अंश सेल्सिअसला उघडू लागतो. चंद्रपूरच्या 45 अंशांच्या उन्हात उभ्या असलेल्या गाडीचं थंड इंजिनसुद्धा त्या पातळीच्या बरंच खाली असतं. थर्मोस्टॅटच्या पोटात धातूच्या कुपीत खास मेण भरलेलं असतं. ते वितळताना फुगतं, दांडी ढकलतं आणि स्प्रिंगच्या विरोधात झडप उघडते. तोवर कूलंट रेडिएटरकडे न जाता इंजिनातच फिरतं. सर्जियस व्हर्नेट यांनी 1930च्या दशकात विकसित केलेली ही युक्ती आजही चालते.

थर्मोस्टॅट काढला, की इंजिन तापायला फार वेळ घेतं. थंड इंजिनाला जास्त इंधन लागतं, म्हणून मायलेज घटतं. ऑइल पुरेसं तापत नाही, त्यातली वाफ आणि न जळलेलं पेट्रोल उडून जात नाही, गाळ साचतो, झीज वाढते. नव्या गाड्यांत चेक इंजिनचा दिवाही लागू शकतो.

आणि एवढं करूनही गाडी गरम होऊ शकते! अनेक इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना दुसऱ्या टोकाने बायपासची वाट बंद करतो. तोच नसेल तर बरंचसं गरम कूलंट रेडिएटरला वळसा घालून पुन्हा इंजिनात शिरतं. ‘पाणी फार वेगाने धावतं, म्हणून थंड व्हायला वेळच मिळत नाही’ हे स्पष्टीकरण ऐकायला पटतं, पण खरं नाही. प्रवाह वाढला तर रेडिएटर एकूण उष्णता कमी नव्हे, उलट जास्तच बाहेर टाकतो.

88 ऐवजी 82 अंशांचा थर्मोस्टॅट बसवला म्हणजे गाडी गरम होणार नाही, हाही भ्रमच. तो आकडा झडप कधी उघडू लागते एवढंच सांगतो. रेडिएटर चोंदलेला असेल, तर पूर्ण उघडलेली झडपही काटा रोखू शकत नाही.

थर्मोस्टॅट बिघडला तर गाडी तापणारच, असंही नाही. तो उघडाच अडकला तर काटा खालीच रेंगाळतो आणि हीटर कोमट हवा देतो. शंका असेल तर सुटा थर्मोस्टॅट भांड्याच्या तळाला टेकणार नाही असा दोऱ्याने पाण्यात लटकवावा आणि थर्मामीटर ठेवून पाणी तापवावं. कोरलेल्या अंशांच्या आसपास झडप हलली पाहिजे. नवा बसवण्याआधीही ही परीक्षा घ्यावी.

बदलताना इंजिन पूर्ण थंड हवं. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडलं तर दाबाखालचं कूलंट उसळून अंगावर येतं. साधारणपणे मेणाची कुपी इंजिनाच्या बाजूला ठेवतात, हवा सुटण्याचं छोटं छिद्र असेल तर ते वर. गॅसकेट नवी घालावी, आणि बोअरच्या क्षारयुक्त पाण्याऐवजी कंपनीने सांगितलेलं कूलंट भरून अडकलेली हवा काढावी. तरीही काटा चढला, तर पंखा, रेडिएटरचं झाकण, वॉटर पंप आणि हेड गॅसकेट तपासायची. नवा थर्मोस्टॅट पुन्हा उपटायचा नाही.